चिकट पुठ्ठा आणि धामण

जुन्नर-आंबेगावात कांद्याच्या बराखीत, घराच्या माळ्यावर उंदरांसाठी चिकट पुठ्ठे टाकून ठेवतात. त्यावर अडकलेल्या उंदराच्या वासाने धामण येते आणि तीही चिकटते. ज्या उंदरांसाठी हा खटाटोप, ते फुकट खाणारी धामण आपणच मारायची, हे मला सहन होत नाही. साप सुटायला जितका पिळतो, तितका जास्त चिकटतो. ओढून काढला तर पोटाचे रुंद खवले कातडीसकट सोलून निघतात, आणि सरपटतो तो त्याच खवल्यांवर. जाणता सर्पमित्र आधी उघड्या गोंदावर माती भुरभुरतो, म्हणजे सुटलेला भाग पुन्हा चिकटत नाही. मग खाण्याचं तेल बोटाने कडेकडेने सोडत, इंच-इंच अंग मोकळं करतो. फार सावकाश चालतं हे काम. रॉकेल-पेट्रोल मात्र चुकूनही नको, कातडी भाजते. आणि पुठ्ठ्यावरचा साप धामणच असेल असं नाही. नाग, घोणस, मण्यार, फुरसं या भागात सगळेच आहेत; म्हणून तर इथल्याच नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांचं आयुष्य सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करण्यात गेलं आहे. अडकलेला सापही चावतो. न्यूझीलंडने 2015 पासून असे पुठ्ठे सर्रास वापरायला बंदी घातली; आपल्याकडे ते किराणा दुकानात टांगलेले असतात. बराखीत पिंजरा लावा, तो पुरतो. साप अडकलाच तर वनखात्याच्या 1926 क्रमांकावर फोन करा, आणि माणूस येईपर्यंत पोरं नि कुत्री लांब ठेवा.