टाकीखालचं स्टँड

मी कॉन्व्हेंटचा. मराठीत लिहायला बसलो की ऱ्हस्व-दीर्घ माझ्याशी भांडतात, तेव्हा सांभाळून घ्या. पण विषय घरचा आहे, म्हणून मराठीतच.

आपल्या होस्टेलच्या रीडिंग रूममध्ये माशांची टाकी येणार असं ठरतंय. छान! टाकी केवढी, मासे कोणते, लाईट निळा की पांढरा, यावर मेसमध्ये रोज वाद चालू आहेत. ती ठेवायची कशावर, हे मात्र कुणीच विचारत नाही. "जुनं टेबल आहे ना!" एवढ्यावर विषय संपतो. माझा विरोध आहे तो या टेबलाला.

कारण गेल्या उन्हाळ्यात हीच चूक मी केली. आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात. टीव्ही भिंतीवर गेला आणि ट्रॉली रिकामी झाली. मी तीन फुटी टाकी आणून तिच्यावर ठेवली. ट्रॉली अडीच फुटी, म्हणजे टाकी दोन्हीकडे तीन-तीन इंच बाहेर. खाली चाकं. दिसत होती मात्र झकास! पंधराव्या दिवशी रात्री तळाची काच तडकली. आवाज ऐकून धाकटी बहीण अनवाणी धावली. फरशीवर पाणीच पाणी आणि त्यातच फिल्टरचा चालू एक्स्टेंशन बोर्ड. बाबांनी ओरडून तिला उंबरठ्यावर थांबवलं आणि मेन स्विच पाडला. एकही मासा वाचला नाही. सकाळी आजी म्हणाली, "काहून रे, इंजिनेरी शिकून राह्यला न् पान्याचं वजन नाई समजलं तुले?"

हिशोब सोपा होता. ३ × १ × १.५ फूट म्हणजे ४.५ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे काठोकाठ १२७ लिटर आणि तितकेच किलो. काच आणि खडे धरले की दीडशेच्या वर, म्हणजे सिमेंटची तीन पोती. ट्रॉलीवर तीन पोती सिमेंट कुणी ठेवेल का? श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीने राजराजेश्वराला येतं. पाणी किती जड असतं ते अकोल्याच्या खांद्यांना ठाऊक आहे. मलाच नव्हतं.

मग वेल्डिंगवाल्या काकांकडून अँगलचं स्टँड करून घेतलं. त्यांनी टाकीचं बाहेरचं माप घेतलं, म्हणजे चारही कडा पूर्ण टेकल्या पाहिजेत. मागे तिरपी पट्टी मारली, कारण नुसता चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. वेल्डिंगचे उंचवटे घासून काढले, कारण भार एकाच टोकावर आला की काच तडकते. वर वॉटरप्रूफ प्लाय आणि त्यावर थर्माकोल. (तळाला प्लास्टिकची चौकट असलेल्या टाकीला थर्माकोल नको, तिचा भार चौकटीवरच राहू द्यावा.) आमची शहाबादी फरशी उतरती, म्हणून गवंड्यासारखं लेव्हल पाईपने पाहून पायांखाली पत्र्याचे तुकडे सारले. बोर्ड आता भिंतीवर, टाकीपासून दूर. वायर आधी खाली झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे ओघळणारं पाणी झोळातून खाली पडतं, प्लगपर्यंत जात नाही.

कुणी म्हणेल, टेबल सागवानी आहे, मजबूत आहे. असेल. पण मोडणं वेगळं आणि वाकणं वेगळं. चार पायांवरची फळी मोडली नाही तरी मध्ये थोडी वाकते. लाकूड ते सोसतं, काच सोसत नाही. हे आपण परीक्षेत दहा मार्कांसाठी लिहितो आणि घरी, होस्टेलवर विसरतो. स्टँड कुणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून त्यावर पैसे शेवटी उरले तर! माझ्या मते पहिला खर्च स्टँडचा, मग टाकीचा, मग माशांचा.

रेक्टर सरांना एकच विनंती आहे. टेबल राहू द्या. वर्कशॉपमध्ये आपण जॉब घासून घासून शेवटी भंगारातच टाकतो. या वर्षी एक जॉब असा करू या, की ज्याच्यावर दीडशे किलो निर्धास्त उभे राहतील. टाकी आठ दिवस उशिरा आली तरी चालेल. पटतंय का?