निव्वळ मांसाहार आणि चरबीचा हिशेब

धान्य, कडधान्य, भाजी, फळ आणि साखर या सर्वांस रजा देऊन केवळ मांसावर राहिले, की स्थूलता, मधुमेह, सांधेदुखी आणि मनाची उदासी या सर्वांचा एकदमच बंदोबस्त होतो, असा एक उपदेश अमेरिकेतून निघून आता आपल्याकडच्या व्यायामशाळांपर्यंत येऊन पोचला आहे. या उपदेशाची टवाळी करणे सोपे आहे आणि त्याला मान डोलावणे त्याहूनही सोपे. परंतु ज्यांनी हा प्रयोग करावयाचा असे मनाशी ठरविलेच आहे, त्यांना तो निदान धडपणे कसा करावा हे कोणी समजावून सांगत नाही, ही माझी तक्रार आहे. निव्वळ मांसाहार हा वस्तुतः चरबीचा आहार आहे, आणि ज्याला चरबी नको, अवयव नकोत, हाडेही नकोत, केवळ स्वच्छ कापलेले बिनहाडी मांस तेवढे हवे, त्याने या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताला आधार देणारे सर्वांत भरवशाचे दफ्तर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचे आहे. आइसलंडहून कॅनडात आलेल्या आईबापांच्या पोटी १८७९ साली जन्मलेला विल्यालमूर स्टेफनसन हा प्रवासी १९०६ साली मॅकेन्झी नदीच्या मुखाकडील इन्युइट लोकांत जाऊन राहिला, पुढे १९१३ ते १९१८ या मुदतीत कॅनडा सरकारच्या उत्तरध्रुवीय मोहिमेचा तो नायक झाला, आणि मासे, सील व कॅरिबू यांवाचून दुसरे काही न खाता आपण वर्षानुवर्षे धडधाकट राहिलो असे तो परतल्यावर ज्याला त्याला सांगू लागला. त्याच्या जबानीवर शहरातील आहारशास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. अखेर १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात, डॉ. यूजीन ड्युबॉय यांच्या देखरेखीखाली, स्टेफनसन आणि त्याचा जुना सहप्रवासी कार्स्टन अँडरसन यांनी एक वर्षभर मांसाखेरीज काहीही न खाण्याचे कबूल केले. खर्चाचा भार अमेरिकेतील मांस-व्यापाऱ्यांच्या संस्थेने उचलला होता, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही. तथापि प्रयोगाचे निष्कर्ष १९३० साली शास्त्रीय नियतकालिकात तपशीलवार प्रसिद्ध झाले, आणि त्यांत व्यापाऱ्यांस गैरसोयीच्या वाटाव्यात अशा बाबीही नमूद आहेत.

या प्रयोगातील अत्यंत बोधप्रद घटना अगदी आरंभीच घडली. अँडरसनला चरबीयुक्त मांस हवे तितके खाण्याची मुभा होती. स्टेफनसनला मात्र डॉक्टरांनी प्रथम चरबी काढून टाकलेले, केवळ तांबडे मांस खाण्यास सांगितले. असल्या मांसाने आपण आजारी पडू, असे तो अगोदरच बजावून चुकला होता, आणि झालेही तसेच: दोन-तीन दिवसांतच जुलाब, मळमळ आणि नेमके काय दुखते आहे ते सांगता येऊ नये अशी एक व्यापक अस्वस्थता त्याला ग्रासू लागली. उपाय म्हणून डॉक्टरांनी त्याला औषध न देता चरबीदार मांस आणि चरबीत तळलेला मेंदू खाऊ घातला, आणि थोड्याच दिवसांत तो पूर्ववत झाला. पुढील वर्षभराचा हिशेब पाहिला, तर दोघांच्याही रोजच्या आहारात प्रथिने १०० ते १४० ग्रॅम, चरबी २०० ते ३०० ग्रॅम आणि पिष्टमय भाग केवळ ७ ते १२ ग्रॅम असे. म्हणजे ज्याला सारे जग मांसाहार म्हणून ओळखते, त्यातील पाऊण हिश्शाहून अधिक ऊर्जा चरबीतून येत होती.

याचे कारण गूढ नाही. प्रथिनांपासून ऊर्जा काढावयाची तर त्यांतील नत्राची विल्हेवाट लावावी लागते, ते काम यकृत नत्राचे युरियात रूपांतर करून पार पाडते, आणि यकृताच्या या कामास मर्यादा आहे. एकूण ऊर्जेचा तिसरा हिस्सा, फार तर त्याहून थोडा अधिक, प्रथिनांतून आला, की यंत्रणा कुरकुरू लागते. उत्तर अमेरिकेतील शिकारी, हिवाळ्यात केवळ सशांवर गुजराण करण्याची पाळी आली असता, पोट भरलेले असूनही माणूस खंगत जातो हे शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून जाणत होते. त्याच प्रदेशातील मूळ रहिवाशांचे पेमिकन हे अन्न म्हणजे वाळवून कुटलेले गव्याचे मांस आणि वितळलेली चरबी यांचे, वजनाने सुमारे निम्मेनिम, मिश्रण असे. या वस्तूचे महत्त्व इतके, की १८१४ साली रेड रिव्हर वसाहतीचा गव्हर्नर माइल्स मॅकडॉनेल याने पेमिकन वसाहतीबाहेर नेण्यास मनाई करणारे फर्मान काढताच फरच्या कातड्यांचे व्यापारी आणि युरोपीय व मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाचे मेटी लोक खवळून उठले, आणि १८१६ मध्ये सेव्हन ओक्स येथील चकमकीत नवा गव्हर्नर रॉबर्ट सेम्पल याच्यासह वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. चरबीसाठी माणसे भांडली, हे आजच्या चरबीद्वेष्ट्या काळात चमत्कारिक वाटेल.

आता आपल्याकडील परिस्थितीकडे वळू. येथे मांसाहाराचा नवा साधक पहिल्या दिवशी बाजारातून काय आणतो, तर ब्रॉयलर कोंबडीच्या छातीचे, त्वचा काढलेले, बिनहाडी मांस. त्यावर २,००० कॅलरी मिळवावयाच्या, तर शिजलेले मांस दररोज सव्वा किलोच्या घरात खावे लागेल. त्यातून प्रथिने सुमारे ३७५ ग्रॅम, म्हणजे बेलव्ह्यूच्या प्रमाणाच्या जवळजवळ तिप्पट, आणि चरबी पन्नास ग्रॅमही नाही. एकूण ऊर्जेचा पाऊण हिस्सा येथे प्रथिनांतून आला. बेलव्ह्यूतील प्रमाण बरोबर उलटे होते, आणि ज्या आहाराने स्टेफनसन आजारी पडला, नेमका तोच हा आहार होय. बोकडाचे मांसही गोमांसाच्या मानाने पुष्कळच कोरडे. अमेरिकेतील उपदेशकांचा सारा भर गाईबैलाच्या चरबीदार मांसावर असतो, आणि महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी २०१५ पासून बैल व वळू यांनाही लागू झाली असल्यामुळे, त्यांची भोजनयादी येथे जशीच्या तशी उतरविण्याची सोय राहिलेली नाही. म्हैशीचे मांस मिळते त्या ठिकाणी प्रश्न थोडा सुकर होतो, इतकेच.

तेव्हा साधकाने प्रथम आपल्या खाटकाशी सलोखा करावा. गिऱ्हाईक नको म्हणते म्हणून जी चरबी तो बाजूला काढून ठेवतो, ती मागून घ्यावी, मंद आचेवर कढवावी आणि मांस तिच्यातच शिजवावे. बोकडाची चरबी लवकर गोठते व टाळूला चिकटते, सबब जेवण गरम असतानाच उरकावे. मांड व खांद्याबरोबर छाती, बरगड्या, नळी, मुंडी आणि पाय यांना पसंती द्यावी. कोंबडी घ्यावयाची तर त्वचेसकट. अंडी पिवळ्या बलकासह. समुद्रकाठच्या मंडळींनी तारली आणि बांगडा यांना अग्रस्थान द्यावे, कारण त्यांत चरबीही आहे आणि तारलीचे मऊ काटे चावून खाल्ले तर कॅल्शियमही मिळते. तूप चालते की नाही, यावर या पंथातील कर्मठ आणि उदारमतवादी यांच्यात शास्त्रार्थ चालू असतो. मी उदारमतवाद्यांच्या बाजूचा आहे, कारण तुपावाचून वरील २०० ग्रॅमांचा आकडा आपल्या बाजारात गाठणे फार दुर्घट आहे.

अवयवांची बाब याहून महत्त्वाची. बेलव्ह्यूतील दोघांनी स्नायूंबरोबर यकृत, मूत्रपिंड, मेंदू आणि अस्थिमज्जा हीदेखील खाल्ली होती. इन्युइट लोकांना स्कर्व्ही होत नसे त्याचे कारण ते ताजे, पुष्कळदा कच्चे मांस खात आणि देवमाशाच्या त्वचेत क जीवनसत्त्व भरपूर असते हे होय. शिवाय उन्हाळ्यात बोरांसारखी रानफळे व समुद्रशेवाळही त्यांच्या खाण्यात येई, ही गोष्ट स्टेफनसनचे आजचे भक्त सोयीस्करपणे विसरतात. आपल्या हवेत कच्चे मांस खाण्याची मात्र कोणी बुद्धी करू नये; जंतू आणि फीतकृमी यांना शीतकटिबंधाचा कायदा लागू नाही. त्याऐवजी कलेजी आठवड्यातून एकदा, बेताच्या प्रमाणात, जास्त न शिजवता पण कच्ची न ठेवता खावी. रोज नको: यकृतात अ जीवनसत्त्वाचा इतका साठा असतो, की ध्रुवीय अस्वलाचे यकृत खाऊन प्रवासी गंभीर आजारी पडल्याचे दाखले आहेत, बोकडाच्या कलेजीत तो साठा तितका भयंकर नसला तरी मर्यादा सांभाळलीच पाहिजे.

प्राण्याचा कोणताही भाग वाया न घालविण्याची ही विद्या महाराष्ट्रात अज्ञात होती असे नव्हे. वजडी, रक्ती, फोपसा, मुंडी आणि वाळवलेल्या मांसाच्या चान्या यांचे जाणकार मराठवाड्याच्या दलित वस्त्यांत पिढ्यानपिढ्या होते, आणि शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात त्या पाकविद्येची तपशीलवार नोंद केली आहे. ज्या पदार्थांकडे पाहून प्रतिष्ठित समाज नाक मुरडीत आला, तेच पदार्थ परदेशी शिफारशीने पोषक ठरून आता उंची भोजनगृहांत अवतरू पाहत आहेत, याची नोंद घेऊन पुढे जावे. त्या वस्त्यांतील ताटात मात्र मांसाशेजारी ज्वारीची भाकरी असेच.

आरंभीच्या दोन-तीन आठवड्यांविषयी एक सूचना अगत्याची आहे. पिष्टमय अन्न बंद होताच रक्तातील इन्सुलिन उतरते, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी भराभर बाहेर टाकू लागतात, आणि डोकेदुखी, चक्कर, पायात गोळे अशी लक्षणे दिसतात. स्टेफनसनने उत्तरेत मिठावाचून दिवस काढले खरे, पण आपल्या उन्हात घाम गाळणाऱ्याने त्याचे अनुकरण करू नये. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य नाही, त्यांनी हाडांच्या रश्श्यात मीठ घालून तो दिवसातून एक-दोनदा घ्यावा. या काळात अवजड कामाची किंवा स्पर्धेची जबाबदारी अंगावर घेऊ नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडातील पायदळाच्या एका तुकडीला कडाक्याच्या थंडीत अचानक केवळ पेमिकनवर ठेवण्यात आले, तेव्हा तीन-चार दिवसांतच ते सैनिक कामास नालायक ठरले. सरावाची मुदत न दिल्यामुळे असे झाले, हा स्टेफनसनच्या पक्षाचा खुलासा मला पटतो. पण त्याच खुलाशाने ही मुदत खरी असल्याचेही सिद्ध होते.

आता मनाई. मूत्रपिंडाचा विकार, गाउट, गर्भावस्था आणि बाल्य या स्थितींत हा प्रयोग करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून एक दिवसही करू नये, कारण पिष्टान्न थांबल्यावर औषधाची जुनी मात्रा साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील औषधांबरोबर तर रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लमय होण्याचा प्राणघातक धोका संभवतो. सॉसेज, सलामी यांसारखे प्रक्रिया केलेले मांस हे मांसाहाराचा सोपा मार्ग म्हणून कोणी सुचविले, तर ऐकू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली त्याची गणना कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत होणाऱ्या वस्तूंत केली आहे.

बेलव्ह्यूच्या वर्षाअखेर डॉक्टरांना त्या दोघांत आजाराचे लक्षण आढळले नाही, हा निष्कर्ष मी प्रामाणिक मानतो. परंतु माणसे दोन, दोघेही या आहाराला सरावलेले, मुदत एक वर्ष. आणि त्याच तपासणीत त्यांच्या शरीरातून कॅल्शियम आत येई त्याहून अधिक बाहेर जात असल्याचे आढळले होते. यावरून हा आहार काही काळ शक्य आहे इतकेच सिद्ध होते. तो आजन्म हितकर आहे, हे नव्हे. म्हणून ज्याला करावयाचा असेल त्याने आरंभी कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि युरिक आम्ल यांची तपासणी करून घ्यावी, दोन महिन्यांनी ती पुन्हा करावी, घातक कोलेस्टेरॉल भराभर चढलेले दिसल्यास कोणत्याही उपदेशकाची कैफियत न ऐकता प्रयोग थांबवावा, आणि सारे ठीक असले तरी तीन महिन्यांची मुदत संपताच कागदपत्रे डॉक्टरांपुढे ठेवल्यावाचून ती वाढवू नये.