उघड्या जीपच्या आवाजाची हद्द कोणती?

पावसाळा सुरू झाला, की शनिवार-रविवारच्या पहाटे अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथून जीपगाड्यांचे ताफे घाटांच्या दिशेने निघतात. खोल खाचांची चाके, पुढे विंच, छतावर दिव्यांची रांग असा त्यांचा सरंजाम असतो. अलीकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. मूळ संगीतयंत्रणा काढून तेथे मोठे स्पीकर, सबवूफर आणि स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर बसवले जात आहेत. वरवर पाहता हा हौशी मंडळींच्या खिशाचा प्रश्न वाटतो. परंतु चिखलाच्या वाटेवर ही गाडी महिन्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी धावते. उरलेले दिवस ती स्वामी विवेकानंद रस्त्यावर आणि लालबहादूर शास्त्री मार्गावर असते. तेथे तिच्यातून बाहेर पडणारा आवाज नेमका कोणाच्या हद्दीतला, याचे उत्तर ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही.

जीप आणि मुंबई यांचे नाते जुने आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्र अँड महिंद्रने या शहरात विलिज जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे कांदिवली पूर्वेचा आकुर्ली रस्ता या कंपनीच्या कारखान्यामुळे ओळखला जाऊ लागला. ती जीप लष्कराची, वनखात्याची, धरणावरच्या अभियंत्याची होती. तिच्यात गाणी ऐकण्याची अपेक्षा कोणी केली नव्हती. २०१० साली थार बाजारात आली तेव्हाही संगीतयंत्रणा ग्राहकाने बाहेरून बसवून घ्यायची, असाच प्रकार होता. २ ऑक्टोबर २०२० रोजी आलेल्या दुसऱ्या पिढीच्या थारमध्ये मात्र टचस्क्रीन आणि छताला लावलेले स्पीकर कारखान्यातूनच आले. २०२४च्या पाच दारांच्या थार रॉक्समध्ये तर, निदान वरच्या श्रेणीत, हर्मन कार्डनचे नऊ स्पीकर देण्यात आले. रानवाटेची गाडी शहरी कुटुंबाची गाडी झाली, याचा यापेक्षा बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

तरीही मालकांचे समाधान होत नाही, आणि त्याला केवळ हौस कारणीभूत नाही. बंद मोटारीत काचा, छत आणि दारे मिळून एक लहानशी खोली तयार होते. खालच्या पट्टीतील आवाज, म्हणजे ज्याला बोलीत ‘बेस’ म्हणतात तो, या बंद हवेत आपोआप भरदार होतो. कापडी छताच्या अथवा छत उतरवलेल्या जीपमध्ये ही खोलीच नाहीशी होते. बेस बाहेर विरून जातो, वर वारा आणि जाड चाकांची घरघर यांत गाण्यातले शब्दही बुडतात. जुन्या जीपमध्ये दारेच कापडी असल्याने स्पीकर बसवायला जागा नसते. ते आसनाखाली, चाकावरच्या फुगवट्यात किंवा डोक्यावरच्या लोखंडी दांड्याला बसवावे लागतात. त्यात मुंबईचा पाऊस. कागदी पडद्याचा स्पीकर एका पावसाळ्यात दमट हवेने सैल पडतो. म्हणून होड्यांसाठी बनवलेले, प्लास्टिकचा पडदा आणि रबरी कडा असलेले स्पीकर निवडण्याकडे जाणकारांचा कल असतो, आणि तो योग्यच आहे.

इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. बिघडते ते पुढच्या पायरीवर. आवाज कमी पडतो म्हटल्यावर कुर्ल्याचा सीएसटी रस्ता असो वा लॅमिंग्टन रोड, दुकानातले संभाषण पाहता पाहता वॉटवर येते. दोनशे वॉट कमी पडले तर पाचशे घ्या, पाचशे कमी पडले तर हजार. कानाचे गणित मात्र निराळे आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज वाढतो अवघा ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. तो कानाला दुप्पट भासावा यासाठी शक्ती सुमारे दहापट करावी लागते. याउलट स्पीकर कानापासून निम्म्या अंतरावर आणला, तर एक वॉटही न वाढवता ६ डेसिबलचा लाभ होतो. आसनाच्या उशीजवळ किंवा डोक्यावरच्या दांड्यावर ऐकणाऱ्याकडे तोंड करून बसवलेले दोन साधे स्पीकर म्हणूनच मागच्या बाजूला ठेवलेल्या भल्या मोठ्या पेटीपेक्षा अधिक उपयोगी ठरतात. ही गोष्ट कसबी कारागिराला ठाऊक असते. पण उशीजवळचा छोटा स्पीकर मित्रांना दाखवता येत नाही, पेटी दाखवता येते.

विजेचा हिशेबही याच दिशेचा आहे. पाचशे वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण क्षमतेने चालला, तर बारा व्होल्टच्या व्यवस्थेतून सुमारे ४५ अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो. समोरचे दोन्ही हॅलोजन दिवे मिळून घेतात त्याच्या हा चौपटीहून अधिक आहे. बॅटरीपासून हातभर अंतरात फ्यूज नसेल, तार बारीक असेल किंवा लोखंडी पत्र्याच्या भोकातून ती रबरी आवरणाविना नेली असेल, तर खडबडीत वाटेवरच्या धक्क्यांनी तिचे वेष्टन घासले जाते आणि ठिणगी पडायला वेळ लागत नाही. रानवाटेच्या गाडीत हा धोका शहरी मोटारीपेक्षा जास्त, आणि नेमके तेथेच फ्यूजच्या किमतीत काटकसर केली जाते.

आता रस्त्यावरच्या माणसाकडे वळू. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या उघड्या जीपमध्ये वाऱ्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवलेला असतो. गाडी घाटकोपरच्या सिग्नलला थांबते, वारा थांबतो, इंजिन मंदावते. आवाजाचे बटण मात्र जेथे होते तेथेच राहते. ज्या क्षणी गाडीतील माणसाला त्या आवाजाची गरज सर्वांत कमी असते, त्याच क्षणी तो शेजारच्या रिक्षातील प्रवासी, पदपथावरचा फळवाला आणि पहिल्या मजल्यावरची खिडकी यांच्यावर सर्वाधिक आदळतो. एक मीटरवर १०० डेसिबल भरणारा आवाज मोकळ्या मैदानात आठ मीटरवर ८२ पर्यंत उतरतो. दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या उपनगरी रस्त्यावर तो तितकाही उतरत नाही. निवासी विभागासाठी कायद्याने ठरवलेली पातळी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मुंबईच्या वाहत्या रस्त्यावर एरवीही ती पाळली जात नाही, हे खरे. पण भरलेल्या बादलीत आणखी तांब्या ओतण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दोन मापे दिलेली आहेत. सार्वजनिक ठिकाणच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या ठिकाणाच्या सीमेवर परिसराच्या विहित पातळीपेक्षा १० डेसिबलहून अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. खासगी मालकीच्या ध्वनियंत्रणेचा आवाज खासगी जागेच्या सीमेवर विहित पातळीपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढू नये. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५च्या ध्वनिप्रदूषणावरील निकालात हीच मापे घालून दिली होती. दोन्ही मापांचा पाया ‘सीमा’ हा शब्द आहे. मंडपाला सीमा असते, बंगल्याला कुंपण असते, सभागृहाला भिंत असते. जीपची सीमा कोठे संपते? तिच्या पत्र्यापाशी म्हणावे तर तेथे मोजणारा पोलीस गाडीला खेटूनच उभा राहायला हवा. ज्या रस्त्यावर ती उभी आहे तो सार्वजनिक, यंत्रणा मात्र खासगी. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एका जागी उभा असलेला कर्णा होता, हे उघड आहे.

रात्रीपुरती स्थिती किंचित स्पष्ट आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धक वापरण्यास बंदी असून बंद जागेतील अंतर्गत वापर आणि सार्वजनिक आणीबाणी यांना त्यातून सूट आहे. नियम अक्षरशः वाचला, तर काचा वर केलेली मोटार ‘बंद जागा’ असल्याचा युक्तिवाद तरी करू शकेल. छत उतरवलेल्या जीपला तोही आधार उरत नाही. पण दिवसाच्या सोळा तासांचे काय?

मोटार वाहन कायद्याकडे जावे तर तेथेही पळवाट आहे, किंबहुना वाटच नाही. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलापेक्षा गाडी वेगळी दिसेल असा बदल कलम ५२ प्रमाणे करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंडाची अथवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. रुंद चाके लावणाऱ्या जीपमालकांना तेव्हापासून आरटीओची धास्ती आहे. परंतु प्रमाणपत्रावर इंजिन, चॅसी, रंग, आसनसंख्या यांची नोंद असते, स्पीकरची नसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत हॉर्नसाठी ११९ वा नियम आहे, सायलेन्सरसाठी १२० वा आहे. गाडीतील संगीत बाहेर किती ऐकू यावे, हे सांगणारा नियम त्यांच्या शेजारी नाही. खासगी गाडी पहिली पंधरा वर्षे तपासणीसाठी आरटीओसमोर उभीही राहत नाही.

महाराष्ट्रात वाहनावरच्या आवाजाची चर्चा झाली ती प्रामुख्याने मिरवणुकांच्या निमित्ताने. ट्रॅक्टरवर किंवा ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला मराठीत ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी या संशोधकाने १९६५ साली स्थापन केलेल्या कंपनीची कीर्ती झाली ती ध्वनिफितीतील खरखर कमी करण्यासाठी; तिचेच नाव आपल्याकडे कानठळ्यांचे समानार्थी व्हावे, हा भाषेचा विनोदच म्हणायचा. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नात वारंवार लक्ष घातले आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या निकालात पोलिसांना ध्वनिमापक यंत्रे पुरवण्याचे बंधन सरकारवर आले. २३ जानेवारी २०२५ रोजी कुर्ला पूर्वेतील रहिवासी संघटनांच्या याचिकेवरचा निकाल प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांविषयी होता. परंतु त्यातील एक सूचना येथे विशेष महत्त्वाची आहे. आवाजाची मर्यादा ध्वनिक्षेपकातच बसवलेली असावी, म्हणजे यंत्र ठरावीक पातळीच्या वर जाऊच नये, याचा विचार न्यायालयाने पुढे ठेवला.

जीपच्या बाबतीत ही कल्पना स्वप्नाळू नाही. वेगानुसार आवाज आपोआप कमी-अधिक करणारी सोय अनेक मोटारींच्या मूळ यंत्रणेत पूर्वीपासून आहे. गाडी थांबली की गाणेही खाली येते. बाहेरून बसवलेल्या यंत्रणेत मात्र ती बहुतेक वेळा गळते, कारण वेगाचा संकेत नव्या यंत्राला जोडण्याचे कष्ट कोणी घेत नाही आणि ग्राहकही ते मागत नाही. ध्वनिमापनासाठीही नवे काही शोधावे लागणार नाही. धावत्या गाडीचा आवाज मंजुरीच्या वेळी साडेसात मीटर अंतरावरून मोजण्याची पद्धत आपल्याकडे रूढ असून प्रवासी मोटारींसाठी ७४ डेसिबलची मर्यादा एप्रिल २००५ पासून लागू आहे. इंजिन आणि चाके मिळून जितका आवाज करू शकतात, त्यापेक्षा त्याच गाडीतील गाण्याने अधिक का करावा, याचे समाधानकारक उत्तर देता येणार नाही. साडेसात मीटर हीच गाडीची सीमा मानली, तर नियमातील हरवलेला शब्द सापडतो.

अशी मर्यादा आल्यास हौशी मंडळींचे फारसे बिघडणार नाही. उशीजवळचे स्पीकर, कमी वॉट आणि वेगानुसार बदलणारा आवाज यांनी आतल्या माणसाला गाणे अधिक स्वच्छ ऐकू येते. त्याचे कानही वाचतात; प्रौढांनी आठवड्याला चाळीस तासांपर्यंत सरासरी ८० डेसिबलच्या आत राहावे, असे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून ठरवलेले प्रमाण सांगते. नाराज होतील ते सबवूफरची मोठी पेटी विकणारे, आणि रस्त्याला ऐकवण्यासाठीच ती घेणारे.

एक तांत्रिक अडचण तरीही उरते, आणि ती सबवूफरचीच आहे. नियमांत डेसिबल ‘ए’ श्रेणीवर मोजायचे आहेत. ही श्रेणी मानवी कानाच्या मंद आवाजातील सवयीवर बेतलेली असल्यामुळे खालच्या पट्टीला फार कमी वजन देते. ५० हर्ट्झचा आवाज ती जवळजवळ ३० डेसिबलने कमी धरते. शिवाय नियमांतील पातळी काळाच्या सरासरीवर आधारलेली आहे, म्हणजे वीस सेकंदांत निघून गेलेली जीप तासाच्या सरासरीत विरघळून जाते. मुलुंडच्या एखाद्या जुन्या इमारतीत काचा थरथरतात, झोपलेले मूल दचकून उठते आणि ध्वनिमापकाच्या पडद्यावर मात्र सौम्यसा आकडा दिसतो, तो यामुळे. खालच्या पट्टीला न वगळणारी ‘सी’ श्रेणी बऱ्याच ध्वनिमापकांवर एक कळ दाबताच मिळते. पोलीस ठाण्यांना दिलेल्या यंत्रांवर ती कळ असली, तरी तिने दाखवलेला आकडा नोंदवण्यासाठी नियमांत आज रकाना नाही.