घोडं कुठं पेंड खातं?

नेरूळहून एक भगिनी लिहितात, "मुलगा पाढे म्हणताना अडला की माझा हात उठतो. मग येत असलेलंही तो विसरतो. काय करू?"

ताई, २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मुंबईचा हृदय छेडा आणि त्याच्या तीन साथीदारांनी 'ड्रेसाज'मध्ये सांघिक सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी मिळालेले हे सुवर्ण! यात घोडा जणू नाचतो. पण धाकाने नाचवलेला घोडा अंग आखडतो. स्वार पायाने हलकी खूण करतो, घोड्याने ऐकले की लगेच दाब सोडतो. ती सुटका हेच त्याचे बक्षीस. घोडा अडलाच, तर चांगला स्वार आधी स्वतःची बैठक तपासतो. मग एक पायरी मागे येतो, जमते ते करून घेतो, मान थोपटतो आणि धडा तिथेच थांबवतो.

तुम्हीही तस्संच करून पाहा. साताचा पाढा अडला, तर सहाचा म्हणवून घ्या, शाबासकी द्या नि वही मिटा. रोज दहा मिनिटे पुरेत.

आणि हात उठलाच, तर त्याची माफी मागा. त्याने आईचा मान कमी होत नाही हो!