वडाळ्याचे मीठ आणि मराठी कथेतील रंगवलेले पडदे

१/
मुंबईवरची बरीचशी मराठी कथा ठरीव सामानावर चालते: चाळीचा कठडा, लोकलची गर्दी, खिडकीवर ओघळणारा पाऊस. वडाळा आलाच, तर विठ्ठलमंदिर किंवा आरटीओ. याला ‘वातावरणनिर्मिती’ म्हणतात. वस्तुतः तो रंगवलेला पडदा असतो. तो काढून गिरगावचा लावला, तरी कथेचे काही अडत नाही.

२/
नवोदितांना हमखास मिळणारा सल्ला असा: पंचेंद्रियांना आवाहन करा. सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. गंध आणि रंग कितीही ओतले तरी स्थळ उभे राहत नाही. पात्राला काय करता येते आणि काय करता येत नाही, हे स्थळ ठरवू लागते तेव्हाच ते उभे राहते. याचा पुरावा वडाळ्याच्याच इतिहासात आहे.

३/
मे १९३०. गांधीजी अटकेत. २१ मे रोजी गुजरातेत धारासणाच्या मिठागरावर सत्याग्रही चालून गेले. हा प्रसंग जगाला ठाऊक झाला, कारण युनायटेड प्रेसचा वेब मिलर तेथे हजर होता. त्याने रांगेमागून येणारी रांग, डोक्यावर बसणाऱ्या लाठीचा आवाज आणि बचावासाठीही न उठलेले हात टिपले. स्थळ आणि कृती तेथे एकजीव झाली.

४/
अवघ्या अकरा दिवसांनी, १ जूनला, वडाळ्याच्या मिठागरावर सुमारे १५,००० लोकांचा जमाव उसळला. घोडेस्वार पोलिसांचे हल्ले झेलत लोकांनी पुनःपुन्हा कडे फोडले आणि मीठ उचलून नेले. धारासणा चित्रपटातही पोहोचले. वडाळ्याचा हा दिवस मात्र खुद्द मुंबईकरांपैकी कितीजणांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो?

५/
तो उभा करायला विशेषणे नकोत, मिठागराची रीत ठाऊक हवी. भरतीचे पाणी आत घ्यायचे, बांध घातलेल्या उथळ वाफ्यांत उन्हाने आटवायचे, तळाशी बसलेले मीठ ओढून रास लावायची. हे काम पावसाळ्यापूर्वी संपते. म्हणजे १ जून हा मोसमाचा शेवट होता. पाऊस दाराशी येऊन ठेपला होता.

६/
आता कथाकाराने स्वतःला प्रश्न विचारावेत. अरुंद बांधावर घोडा कसा वळेल? वाफ्यात उतरलेल्या अनवाणी माणसाला चिखलातून किती वेगाने पळता येईल? लाठीच्या जखमेला खारे पाणी लागले तर? लुगड्याच्या ओच्यात मीठ किती मावेल? या प्रश्नांच्या उत्तरांतूनच प्रसंग घडतो. ‘खारट वारा वाहत होता’ या वाक्यातून काहीच घडत नाही.

७/
स्थळाला तर्कही असतो. म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उघडले गेले, तेही याच भागात. आजचे वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय ते हेच. मराठी पोवाडे जमवणारा गोरा अधिकारीही हाच. शहराने नजरेआड करावीशी वाटलेली माणसे शहराच्या कडेला ठेवली. ही कड कळली नाही, तर वडाळा कळत नाही.

८/
आक्षेप ठरलेला आहे: तपशिलांनी कथा गुदमरते. गुदमरते ती चिकटवलेल्या तपशिलांनी. जयवंत दळवींच्या ‘चक्र’मधून झोपडपट्टी वगळा, मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’तून खाडीकाठची वस्ती वगळा, मागे कादंबरी उरेल काय? तेथे वस्ती हेच माणसांचे नशीब आहे.

९/
म्हणून कसोटी सोपी आहे. कथेतले ‘वडाळा’ खोडून ‘बोरिवली’ लिहावे. एकही घटना बदलली नाही, तर लेखकाने स्थळ लिहिलेलेच नाही, फक्त पत्ता लिहिला आहे.

१०/
हा केवळ शैलीचा वाद नाही. मुंबईची मिठागरे बांधकामाखाली जात आहेत. २०१४ पासून वडाळ्यावरून मोनोरेल धावू लागली. तिच्या खिडकीतून १ जून १९३० दिसत नाही. बांध बुजले, वाफे बुजले की त्या मिठाला राहायला उरते ती फक्त भाषा. तिनेही पडदेच रंगवायचे ठरवले, तर ते मीठ दुसऱ्यांदा विरघळेल, आणि या वेळी पावसाला दोष देता येणार नाही.