दातृत्व वंदनीय, पण मिळकतीचाही हिशेब हवा

दात्याचा सत्कार करताना त्याच्या मिळकतीची चौकशी करू नये, असा आपल्याकडे एक शिष्टसंकेत आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि कोनशिलेवर नाव, एवढ्यावर समारंभ संपतो. हा संकेत सौजन्याचा आहे यात शंका नाही. परंतु रुग्णांची शुश्रूषा हेच जेव्हा मिळकतीचे एक साधन असते, तेव्हा तो पाळणे वैद्यकीय व्यावसायिकांना परवडणारे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठी अमेरिकेतील एका दानशूर वित्तव्यावसायिकाचे उदाहरण घेतो.

डेव्हिड रूबेनस्टाइन यांचा जन्म १९४९ साली बाल्टिमोर येथे झाला. वडील टपाल खात्यात नोकरीस होते. शिष्यवृत्तीच्या आधाराने ड्यूक विद्यापीठातील शिक्षण, शिकागो विद्यापीठातून कायद्याची पदवी आणि राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कारकीर्दीत व्हाइट हाऊसमध्ये देशांतर्गत धोरणाचे काम, असा प्रवास करून त्यांनी १९८७ साली काही सहकाऱ्यांसमवेत वॉशिंग्टन येथे ‘कार्लाइल’ ही गुंतवणूक संस्था स्थापन केली. आज ती जगातील मोठ्या प्रायव्हेट इक्विटी संस्थांपैकी एक आहे.

प्रायव्हेट इक्विटीचा व्यवहार थोडक्यात असा. निवृत्तिवेतन निधी, विद्यापीठांचे राखीव निधी आणि धनिक मंडळी यांचा पैसा एकत्र करावयाचा, त्यात मोठ्या कर्जाची भर घालून एखादी कंपनी विकत घ्यावयाची, ती काही वर्षे चालवावयाची आणि अधिक किमतीस विकावयाची. कर्जाचा बोजा बहुतेक वेळा विकत घेतलेल्या कंपनीच्याच माथी असतो. व्यवस्थापकांना दरसाल शुल्क मिळते आणि नफ्यातील सर्वसाधारणपणे वीस टक्के वाटा मिळतो. अमेरिकेत या वाट्याला भांडवली नफा मानतात, त्यामुळे त्यावरील कराचा दर मोठ्या पगारावरील दरापेक्षा कमी असतो.

या मिळकतीतून रूबेनस्टाइन यांनी मुक्तहस्ते दान केले आहे. २००७ साली त्यांनी मॅग्ना कार्टाची १२९७ सालची प्रत २ कोटी १३ लाख डॉलरांस विकत घेतली आणि ती लोकांना पाहता यावी म्हणून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सुपूर्द केली. २०१० साली आपल्या संपत्तीचा निम्म्याहून अधिक भाग दान करण्याची प्रतिज्ञा ज्या पहिल्या धनिकांनी घेतली, त्यांत त्यांचे नाव आहे. २०११ च्या भूकंपात वॉशिंग्टन स्मारकास तडे गेले, तेव्हा दुरुस्तीचा निम्मा खर्च, म्हणजे ७५ लाख डॉलर, त्यांनी दिला. लिंकन स्मारकासाठी २०१६ साली त्यांनी १ कोटी ८५ लाख डॉलर दिले. जॉन्स हॉपकिन्स येथील श्रवणविकारांचे संशोधन आणि न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग येथील स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे संशोधन यांनाही त्यांचे साहाय्य लाभले आहे. टपाल कर्मचाऱ्याच्या मुलाने देशाचे ऋण फेडण्याची ही रीत निःसंशय आदरास पात्र आहे.

आता दुसरी वही उघडू. २००७ सालच्या अखेरीस, म्हणजे मॅग्ना कार्टा विकत घेतली गेली त्याच सुमारास, कार्लाइलने ‘मॅनॉरकेअर’ ही वृद्ध व परावलंबी रुग्णांसाठीच्या शुश्रूषागृहांची मोठी साखळी ६३० कोटी डॉलरांच्या व्यवहारात ताब्यात घेतली. २०११ साली या शुश्रूषागृहांच्या जागा व इमारती ६१० कोटी डॉलरांस दुसऱ्या कंपनीला विकण्यात आल्या आणि त्याच इमारतींत मॅनॉरकेअर भाडेकरू म्हणून राहिली. दरसाल वाढत जाणारे ते भाडे पुढे झेपेनासे झाले आणि २०१८ साली मॅनॉरकेअरने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तपशीलवार वृत्तांत छापला. दिवाळखोरीपूर्वीच्या काही वर्षांत तेथे आरोग्यविषयक नियमांच्या गंभीर उल्लंघनांचे प्रमाण वाढले होते, असे त्यात दाखवले होते. सेवा खालावल्याचा आरोप कार्लाइलला मान्य नव्हता. सरकारी देयकांतील कपातीमुळे हे ओढवले, असे त्यांचे म्हणणे होते. तेही नोंदवणे न्यायाचे आहे.

एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये, हे आपणा डॉक्टरांस सांगावयास नको. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. प्रायव्हेट इक्विटीने विकत घेतलेल्या ५१ रुग्णालयांची तुलना त्यात २५९ इतर रुग्णालयांशी केली होती. मालकी बदलल्यानंतर रुग्णालयात असतानाच उद्भवणाऱ्या दुखापती व संसर्ग यांचे प्रमाण तुलनेने सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. त्यात रुग्ण पडण्याच्या घटना आणि सेंट्रल लाइनमधून होणारा जंतुसंसर्ग यांचा वाटा मोठा होता. या दोन्ही गोष्टी परिचारिकेच्या हातांशी आणि तिला मिळणाऱ्या वेळेशी किती निगडित आहेत, हे आपण जाणतोच.

यावर कोणी म्हणेल की, भांडवलाविना आधुनिक रुग्णालय उभे राहत नाही. हे खरे आहे. कॅथलॅब, रेखीय प्रवेगक, अतिदक्षता कक्ष यांना पैसा लागतो आणि तो केवळ वर्गणीतून जमत नाही. माझा आक्षेप भांडवलाला नसून त्याच्या घाईला आहे. पाच-सहा वर्षांत विकून बाहेर पडावयाचे, असे ठरवून आलेल्या मालकाचे वेळापत्रक आणि दीर्घ आजाराच्या रुग्णाचे वेळापत्रक जुळत नाही. त्या तफावतीची किंमत रुग्णाने मोजली, तर नंतर संशोधनास दिलेली देणगी कितीही मोठी असली तरी ती भरपाई त्या रुग्णापर्यंत पोहोचत नाही.

हा प्रश्न आता सातासमुद्रापलीकडचा राहिलेला नाही. आपल्या हैदराबादेतील केअर रुग्णालयांची मालकी एका गुंतवणूक संस्थेकडून दुसरीकडे जात २०२३ साली ब्लॅकस्टोनकडे आली. पुण्याच्या सह्याद्री रुग्णालयांतही गेल्या काही वर्षांत एकामागून एक गुंतवणूकदार आले. या व्यवहारांविषयी काही बरेवाईट सुचवण्याचा हेतू नाही. पण आपल्यापैकी अनेकांसमोर, विशेषतः पुढची पिढी परदेशी स्थायिक झालेल्यांसमोर, आयुष्यभर कष्टाने उभे केलेले रुग्णालय कोणाच्या हाती द्यावे, हा प्रश्न उद्या-परवा येणारच आहे.

तेव्हा किमतीबरोबर अटींचाही विचार व्हावा. प्रत्येक पाळीत किती रुग्णांमागे किती परिचारिका असतील, हे करारात लिहून घ्यावे. उपचाराचा अंतिम निर्णय डॉक्टरांचाच राहील, महिन्याकाठी तपासण्यांचे वा शस्त्रक्रियांचे लक्ष्य त्यांच्यावर लादले जाणार नाही, हेही लेखी असावे. इमारत विकून रुग्णालयाला भाडेकरू करण्यास काही वर्षे तरी मनाई असावी. संसर्ग आणि मृत्यू यांची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करण्याचे बंधन असावे. अशा अटी घातल्यास दोन पैसे कमी मिळतील, ही गोष्ट मी नाकारत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने ते दोन पैसेही दानच समजावेत.

शंभरहून अधिक वर्षांपूर्वी या शहरात विवेकवर्धिनी उभी करणाऱ्या आपल्या पूर्वसूरींकडे अब्जावधी नव्हते; समाजाचा विश्वास मात्र होता. संतांनीही धन वेचण्याच्या वृत्तीइतकेच ते जोडण्याच्या रीतीकडे लक्ष वेधले आहे. रूबेनस्टाइन यांच्यासारख्या दात्यांपुढे अवश्य नतमस्तक व्हावे, त्यांच्या उदारतेचे अनुकरणही करावे. पण मानपत्र लिहिताना आपल्या व्यवसायबंधूंनी एक प्रश्न विचारण्याचे धैर्य ठेवावे: हा पैसा ज्या खाटांवरून आला, त्या खाटांवरील रुग्णांची नीट देखभाल झाली काय?