कापूस आपला, कापड त्यांचं

दोस्तांनो, बडनेऱ्याहून मुंबईची गाडी तुम्ही कधी ना कधी पकडली असेलच. पण हे रूळ इथं कशासाठी आले, असा प्रश्न कधी पडला का?

१८५३ मध्ये निजामाने देण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर खिळली. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. खामगाव आणि अमरावती या कापसाच्या बाजारपेठांपर्यंत नंतर फाटे निघाले. गाठी मुंबई बंदरातून विलायतेला जायच्या आणि तिकडच्या गिरण्यांचं कापड याच वाटेने आपल्या बाजारात यायचं. युद्धाच्या काळात इथंही पैसा खेळला, हे खरं. पण युद्ध संपलं तसा भाव कोसळला. भाव ठरायचा सातासमुद्रापार, नि सावकाराचं कर्ज राहायचं इथल्या कास्तकाराच्या डोक्यावर.

ही गोष्ट एकट्या वऱ्हाडाची नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आजही घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांत पिकतो. पण महागडी चॉकलेटं म्हटलं की आपल्याला स्वित्झर्लंड आणि बेल्जियमच आठवतात! एकाने कच्चा माल पिकवायचा, दुसऱ्याने त्यावर कमवायचं, ही वाटणी वसाहतींच्या काळात पक्की झाली. देश स्वतंत्र झाले तरी ती सहजासहजी मोडली नाही.

आता आपल्या वरूडकडे पाहा. संत्रा ट्रकमध्ये भरायचा, दूरच्या मंडीत पाठवायचा आणि भावाची वाट पाहायची. गेल्या काही वर्षांत बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं, तर झळ वरूड-मोर्शीच्या बागायतदाराला बसली. का? कारण आपण आजही मुख्यतः ताजं फळच विकतो. ते नासायच्या आत विकावंच लागतं. मग आपल्या हातात उरतं काय?

इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं उलटली. सगळं खापर त्यांच्यावर फोडून चालणार नाही. १८७७ मध्ये, इंग्रजांचं राज्य असतानाच, जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली होती. कापूस पिकतो तिथंच कापड विणता येतं, हे तेव्हाच दिसलं होतं. मग रस, साल, तेल, गर यांचे चांगले चालणारे उद्योग संत्र्याच्या पट्ट्यात पुरेसे का नाहीत, हा प्रश्न आता आपल्याच राज्यकर्त्यांना, सहकारी संस्थांना आणि आपल्यालाही विचारायला हवा.

बारावीनंतर काय, याची चर्चा घरोघरी चालते. त्यात अन्नप्रक्रिया, वस्त्रोद्योग, शेतमालाचा व्यापार हेही विषय येऊ द्या. आणि बाबा भाव सांगतील तेव्हा एवढं नक्की विचारा, आपला माल पुढे कुठे जातो आणि शेवटी कितीला विकला जातो?